‘काम धरलंस की पैसे बंद’ म्हणणाऱ्यांना आधी तास विचारा

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊमध्ये राहते, वय ३७. दीड वर्षापूर्वी नवऱ्यापासून वेगळी झाले. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. माझ्याकडे आयएलआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी आहे, म्हणून युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता मिळतो. स्टेटमेंटवर माझे ४००.१४ पौंड, दोन मुलांचे ५८५.६२ आणि घरभाड्याचे ११०० असं लिहिलेलं असतं, पण खात्यात १६४७ च येतात. लग्नाआधी पुण्यात एका ऑफिसात अकाउंट्स बघत होते. त्यानंतर नऊ वर्षं नोकरी नाही. आता तीन ठिकाणांहून विचारणा आहे. केअर होमच्या स्वयंपाकघरात आठवड्याला १६ तास, पगार दर चार आठवड्यांनी. एका दुकानात २० तास, पगार महिन्याला. तिसरी एजन्सी, तिथे तास नक्की नाहीत. तिन्हीकडे तासाला १२.२१ पौंड. मैत्रीण म्हणते, काम धरलंस की सगळे पैसे बंद, भाडंही जाईल. त्यापेक्षा घरून डबे कर आणि रोख घे. मी काय करावं? मुलांना कोण बघणार? आणि एक विचारायचंय: पुण्यातल्या फ्लॅटवर आईबरोबर माझंही नाव आहे. ते मी इथे कुठे सांगितलेलं नाही.

ताई,

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. तुमच्या तीन आकड्यांची बेरीज २०८५.७६ होते आणि हातात येतात १६४७. मधले ४३८ पौंड जातात कुठे? स्टेटमेंट पुन्हा उघडा. खाली कपातींच्या भागात ‘बेनिफिट कॅप’ अशी ओळ असेल. लंडनबाहेर राहणाऱ्या एकट्या पालकाला सगळे भत्ते मिळून महिन्याला १८३५ पौंडांच्या वर देत नाहीत. लंडनला खेटून असलं तरी स्लाऊ त्या हिशेबात लंडनबाहेर आहे. तुम्हाला आठवड्याला ४३.३० पौंड चाइल्ड बेनिफिट मिळत असणार, म्हणजे महिन्याला १८७.६३. ते १८३५ मधून वजा केले की उरतात १६४७.३७. हाच तुमचा आकडा.

हा कॅप उठवायचा एक मार्ग म्हणजे कमाई. महिन्याची कमाई ८४६ पौंड किंवा त्याहून जास्त झाली की कॅप लागू होत नाही. ही रक्कम म्हणजे किमान वेतनाने आठवड्याला १६ तासांचा महिन्याचा पगार. मैत्रिणीच्या सल्ल्यात नेमकं हेच राहून गेलंय. तुमच्या बाबतीत काम धरलं की बंद होते ती कपात.

इथले सगळे आकडे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षाचे आहेत. दर एप्रिलमध्ये बदलतात.

आधी दुकानाची नोकरी घेऊ. २० तास गुणिले १२.२१, आठवड्याला २४४.२० पौंड, महिन्याला १०५८.२०. प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची वर्गणी) दोन्ही महिन्याला साधारण १०४८ च्या पुढे सुरू होतात, म्हणून कपात दोन-तीन पौंडांचीच. पेन्शनची वर्गणी न धरता हातात १०५५ समजू. मुलं असलेल्या आणि घरभाड्याची मदत घेणाऱ्या माणसाच्या पगारातल्या पहिल्या ४११ पौंडांना युनिव्हर्सल क्रेडिट हात लावत नाही. याला वर्क अलाउन्स म्हणतात. त्यावरच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स भत्ता कमी होतो. १०५५ मधून ४११ गेले, राहिले ६४४. त्याचे ५५ टक्के ३५४.२०. म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट २०८५.७६ वरून १७३१.५६ वर येईल.

आता बेरीज करा. पगार १०५५, युनिव्हर्सल क्रेडिट १७३१.५६, चाइल्ड बेनिफिट १८७.६३. एकूण २९७४. आज १८३५ मिळतात. फरक ११३९ पौंडांचा, पगारापेक्षाही जास्त. गणितात चूक नाही. पगारामुळे ३५४ गेले, पण कॅपचे ४३८ परत आले. घरभाड्याचे ११०० वेगळे काढून घेतले जात नाहीत. कपात एकूण रकमेवर होते, म्हणून ‘भाडं जाईल’ ही भीती बाजूला ठेवा.

आता केअर होम. १६ तास ऐकायला उंबरठ्यावर नेमके बसतात, पण फसगत इथेच होते. पगार चार आठवड्यांनी मिळणार, म्हणजे १६ गुणिले १२.२१ गुणिले ४, ७८१.४४ पौंड. ८४६ च्या खाली. तुमच्या तासांची वर्षभराची सरासरी बरोबर असली तरी कॅप त्या त्या असेसमेंट पीरियडमध्ये, म्हणजे भत्त्याच्या हिशेबाच्या महिन्यात, खात्यात आलेली कमाई बघतो. त्यामुळे वर्षातले अकरा महिने कॅप लागत राहील. हाच मुद्दा घेऊन किमान वेतनावर १६ तास काम करणारी एक एकटी आई न्यायालयात गेली होती. २०२१ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने सरकारच्या बाजूने निकाल दिला, म्हणून नियम तसाच आहे. आणि हेच १६ तास महिन्याच्या पगारावर असले तरी काठावरच राहतात. ढोबळ पगार ८४६.५६ होतो, पण मोजताना कर आणि नॅशनल इन्शुरन्सबरोबर कामाच्या ठिकाणी कापलेली पेन्शनची वर्गणीही वजा धरतात. वर्षाला १०,००० पौंडांच्या वर पगार गेला की मालक आपोआप पेन्शनमध्ये नाव घालतो. मग ८३०-८३२ उरतात आणि कॅप पुन्हा लागतो.

केअर होमची नोकरी केलीत तरी तोटा नाहीच. भत्ते १८३५ वर अडकलेले राहतील आणि पगाराचे ७८१ वर मिळतील, एकूण २६१६. पण दुकानाच्या २९७४ शी तुलना करा: आठवड्याला चार तास जास्त, महिन्याला साडेतीनशे पौंडांहून जास्त. केअर होमचं काम तुम्हाला जास्त आवडत असेल, जवळ असेल, तर मॅनेजरला एकच गोष्ट विचारा: ‘१८ तास मिळतील का?’ अठरा तासांचे चार आठवड्यांचे ८७९ होतात. पेन्शन कापूनही ८४६ च्या वर राहतात. दोन तासांसाठी घासाघीस करायला लाज वाटून घेऊ नका. नोकरी देणाऱ्याला तुमच्या कॅपबद्दल काहीच कल्पना नसते.

वीस तासांचा आणखी एक फायदा आहे. धाकटा तीन वर्षांचा झाल्यावर जॉबसेंटर, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालय, तुमच्याकडून आठवड्याला ३० तासांपर्यंतच्या कामाची अपेक्षा धरतं, म्हणून तिथे दर वेळी कामाबद्दल विचारतात. ढोबळ पगार महिन्याला ९५२ च्या वर गेला की तुम्ही ‘हलक्या देखरेखी’च्या गटात जाता. दर पंधरवड्याची हजेरी आणि काम शोधल्याचे पुरावे थांबतात. १०५८ त्यावर आहे, केअर होमचे ७८१ नाहीत. तिथे नोकरी करूनही ‘अजून तास शोधा’ ऐकावं लागेल.

एप्रिल २०२६ पासून किमान वेतन १२.७१ आणि कॅपचा उंबरठाही त्याबरोबर वर. म्हणून डोक्यात पौंड न ठेवता तास ठेवा. महिन्याच्या पगारावर १७, चार आठवड्यांच्या पगारावर १८, त्याखाली जाऊ नका.

एजन्सीबद्दल फार लिहीत नाही. एका महिन्यात आठवड्याला ३० तास, पुढच्यात दहा, असं झालं की एका महिन्यात कॅप उठतो, पुढच्या महिन्यात परत बसतो. नर्सरीला मात्र ठरलेले पैसे दर महिन्याला द्यावेच लागतात. हातात दुसरं काही नसतं तर वेगळी गोष्ट होती.

डबे. मराठी माणसांच्या वस्त्यांत हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो देणाऱ्याला दंड भरावा लागत नाही. डबे करणं वाईट नाही, लपवून करणं वाईट आहे. रोख घेतलेले आणि न सांगितलेले पैसे म्हणजे भत्त्याची फसवणूक. सापडलं की सगळी जादा रक्कम परत, वर दंड, आणि मोठी रक्कम असेल तर खटला. उघडपणे करायचं असेल तर काउन्सिलकडे खाद्यव्यवसायाची नोंदणी सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी करावी लागते. ती मोफत आहे. वर्षाला १००० पौंडांहून जास्त उलाढाल झाली की कर खात्याकडेही नोंद लागते. इथे एक गैरसमज असतो: ते १००० पौंड फक्त करापुरते माफ आहेत, युनिव्हर्सल क्रेडिटला पहिल्या पौंडापासून हिशेब द्यावा लागतो, दर महिन्याला, त्या महिन्यात आलेले आणि खर्च झालेले. पहिले १२ महिने तुमची खरी कमाई धरतात. त्यानंतर कमाई कमी असली तरी ठरावीक किमान रक्कम मिळालीच असं मानून भत्ता कापतात. तुमच्यासारख्या पालकाला ती अपेक्षित तासांवरून, म्हणजे ३० तासांच्या किमान वेतनावरून काढतील. डब्यांतून तेवढं सुटतं का, ते आधी कागदावर मांडा. नोकरी धरून शनिवारी चार डबे केलेत तरी सांगायचं आहेच.

आता मुलं. नोकऱ्या सुटतात त्या बहुधा यामुळे.

तीन वर्षांच्या मुलाला इंग्लंडमध्ये आठवड्याला १५ तास मोफत नर्सरी सगळ्यांनाच मिळते. तिसऱ्या वाढदिवसानंतरच्या टर्मपासून ती सुरू होते. काम करणाऱ्या पालकाला ३० तास मिळतात. अट अशी की पुढच्या तीन महिन्यांत सरासरी १६ तासांच्या किमान वेतनाएवढी, म्हणजे आठवड्याला १९५.३६ पौंड कमाई अपेक्षित हवी. २४४.२० मध्ये तुम्ही सहज बसता, केअर होमच्या १६ तासांतही बसता. पण हे ३० तास आपोआप मिळत नाहीत. सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून एक कोड घ्यायचा आणि तो नर्सरीला द्यायचा. हा कोड टर्म सुरू होण्याआधी हातात हवा: जानेवारीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत, एप्रिलसाठी ३१ मार्चपर्यंत, सप्टेंबरसाठी ३१ ऑगस्टपर्यंत. एका दिवसाने चुकलं तरी पुढची टर्म येईपर्यंत १५ तासांवर भागवा. नोकरी पक्की झाल्याचं पत्र हातात पडलं की त्याच संध्याकाळी अर्ज करा. दर तीन महिन्यांनी कोड पुन्हा ‘कन्फर्म’ करावा लागतो. आठवणीचा संदेश येतो, पण तो कचऱ्याच्या फोल्डरमध्ये गेल्याची कारणं ऐकायला कोणी बसलेलं नसतं. फोनच्या कॅलेंडरमध्ये तारीख टाका.

हे ३० तास वर्षातल्या फक्त ३८ आठवड्यांसाठी असतात. शाळेच्या सुट्टीत दुकान बंद नसतं. म्हणून नर्सरीला विचारा, ‘तास वर्षभर पसरवून देता का?’ ३० गुणिले ३८ म्हणजे ११४० तास. ५१ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साधारण २२ येतात. वीस तासांच्या नोकरीला जाण्या-येण्यासकट हे जेमतेम पुरतं. जेवण आणि इतर किरकोळ गोष्टींचे पैसे नर्सरी वेगळे घेऊ शकते. ती यादी आधीच मागून घ्या.

उरलेल्या खर्चाचे ८५ टक्के युनिव्हर्सल क्रेडिट परत देतं: दोन मुलांसाठी महिन्याला जास्तीत जास्त १७६८.९४ पौंड. यात मुलीचा शाळेआधीचा आणि नंतरचा क्लब, सुट्टीतला क्लब, चाइल्डमाइंडर सगळं येतं. चाइल्डमाइंडर किंवा क्लब ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडे नोंदणी केलेला हवा. शेजारच्या काकू कितीही प्रेमळ असल्या आणि भारतातून आई सहा महिन्यांसाठी आल्या, तरी त्यांना दिलेले पैसे यात बसत नाहीत. कर खात्याची ‘टॅक्स-फ्री चाइल्डकेअर’ ही वेगळी योजना आहे. ती आणि युनिव्हर्सल क्रेडिट एका वेळी मिळत नाहीत. ३० तासांचा अर्ज भरताना तिथे तीही विचारतात, तिला ‘नाही’ म्हणा.

अडचण ही की पैसे आधी तुम्ही भरायचे, मग परत मिळायचे. समजा महिन्याचं बिल ३०० आलं. २५५ परत येतील, ४५ तुमचे. पण पहिल्याच महिन्यात ३०० कुठून आणणार? यासाठी २०२३ च्या उन्हाळ्यापासून सोय आहे: नोकरी सुरू करताना किंवा तास वाढवताना नर्सरीचं पहिलं बिल जॉबसेंटर आगाऊ भरू शकतं. वर्क कोच, म्हणजे जॉबसेंटरमधला तुमचा सल्लागार, स्वतःहून सांगेलच असं नाही. मागावं लागतं, आणि पैसे भरण्याआधी मागावं लागतं. बिल किंवा नर्सरीचं पत्र जर्नलमध्ये, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या नोंदवहीत, टाका आणि सरळ लिहा, ‘मी अमुक तारखेला नोकरी सुरू करते आहे, मला पहिल्या चाइल्डकेअर खर्चाची आगाऊ मदत हवी आहे.’ जर्नलमध्ये लिहिलेलं नोंद म्हणून राहतं, फोनवर बोललेलं हवेत जातं. इंग्रजी लिहायची धास्ती असेल तर साधी वाक्यं पुरतात, आणि भेटीसाठी मराठी दुभाषा मागता येतो.

याच खिडकीवर फ्लेक्झिबल सपोर्ट फंड नावाचा निधी आहे. त्यातून कामाचे बूट, कपडे, पहिल्या महिन्याचं बसभाडं मिळू शकतं आणि ते परत करायचं नसतं. हा हक्क नाही, कोचच्या मर्जीवर आहे. म्हणून ‘काही मदत मिळेल का’ असं मोघम न विचारता, ‘काळे सेफ्टी शूज ३५ पौंड, महिन्याचा बस पास इतके पौंड’ असं लिहून मागा. कोच त्याऐवजी बजेटिंग अॅडव्हान्स सुचवेल. ते कर्ज आहे, पुढच्या भत्त्यातून कापलं जातं. आधी निधी, मगच कर्ज.

नर्सरीचे पैसे भरले की त्याच असेसमेंट पीरियडमध्ये पावती टाका. फार तर पुढचा पीरियड संपेपर्यंत चालतं. त्यानंतर टाकलेली पावती बहुधा वाया जाते.

पहिले दोन महिने कसे जातील ते आता बघू, कारण घाबरून नोकरी सोडण्याची वेळ याच काळात येते. तुमचा असेसमेंट पीरियड कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, ते स्टेटमेंटवर असतं. समजा १२ तारखेपासून ११ तारखेपर्यंत. भत्ता त्यानंतर सात दिवसांनी, १८ ला. तुम्ही १२ जानेवारीला रुजू झालात आणि दुकानाने पहिला पगार फेब्रुवारीच्या २८ ला दिला, तर १८ फेब्रुवारीला येणारा भत्ता जुनाच असेल, कॅपसकट. २८ फेब्रुवारीचा पगार १२ फेब्रुवारी ते ११ मार्चच्या खिडकीत मोजला जाईल आणि पहिला बदललेला भत्ता १८ मार्चला येईल. म्हणजे सात आठवडे पगार नाही, पण बस, नर्सरी, डबा सुरू. एक बरं आहे: नर्सरीची परतफेड कॅपच्या बाहेर धरतात, कॅप लागू असला तरी ती कापत नाहीत.

पगार चार आठवड्यांनी मिळणारी नोकरी घेतलीत तर वर्षात १३ पगार होतात. कधीतरी एकाच खिडकीत दोन पगार पडतील. केअर होमच्या हिशेबात त्या महिन्यात १५६२ पौंड दिसतील आणि युनिव्हर्सल क्रेडिट १६४७ ऐवजी साधारण १४५२ येईल. पुढच्या महिन्यात पुन्हा पूर्ववत. चूक नाही, तक्रार करून उपयोग नाही. तेवढे दोनशे बाजूला ठेवा. महिन्याच्या पगारात मात्र असं झालं तर ऐकून घेऊ नका. पगाराचा दिवस रविवारी किंवा बँक हॉलिडेला आला, मालकाने दोन दिवस आधी दिला आणि दोन पगार एका खिडकीत पडले, तर जर्नलमध्ये लिहून एक पगार दुसऱ्या पीरियडमध्ये हलवून मागा. चार एकट्या मातांनी हा मुद्दा लढवला, २०२० मध्ये कोर्ट ऑफ अपीलने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यानंतर नियम बदलला. ती सोय फक्त महिन्याच्या पगाराला आहे.

नोकरी सुरू झाल्याचं तुम्ही स्वतः जर्नलमध्ये कळवायचं. दर महिन्याचा आकडा मालकाकडून कर खात्यामार्फत आपोआप पोचतो, तो वेगळा भरू नका. पेस्लिपवरची रक्कम आणि स्टेटमेंटवरची रक्कम मात्र दर महिन्याला जुळवा. जुळली नाही तर एका महिन्याच्या आत ‘मँडेटरी रिकन्सिडरेशन’, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागता येतं.

रुजू होताना मालक दोन गोष्टी मागेल. पहिली, कामाचा हक्क. जुनी प्लास्टिकची बीआरपी, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, कार्डं २०२४ अखेर संपली. आता ई-व्हिसाच्या खात्यातून शेअर कोड काढून द्यायचा, तो ९० दिवस चालतो. त्या खात्यात तुमचा सध्याचा फोन आणि ईमेल आहे का, ते आजच बघा. नवऱ्याच्या ईमेलवर उघडलेलं खातं ही अशा वेळी फार मोठी अडचण होते. दुसरी, स्टार्टर चेकलिस्ट, म्हणजे करासाठीचा फॉर्म. तिच्यात ‘६ एप्रिलनंतरची ही माझी पहिलीच नोकरी’ हा पर्याय निवडा. चुकीची खूण केली तर टॅक्स कोड बीआर लागतो आणि पहिल्या पौंडापासून २० टक्के कापतात. नंतर परतावा मिळतो, पण तो मिळालेल्या महिन्यात कमाई म्हणून धरला जातो. निष्कारण डोकेदुखी.

पेन्शनमधून बाहेर पडायचा सल्ला दुकानात कोणीतरी देईल. पडू नका. तुम्ही दिलेली वर्गणी कमाईतून वजा होते, म्हणून तुमच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स भत्ता वाढतो. पौंड पेन्शनमध्ये गेला तरी घरातले ४५ पेन्सच कमी होतात, वर मालकाची वर्गणी वेगळी. १६ तासांच्या काठावर असतात त्यांनाच हा विचार करावा लागतो. वीस तासांवर तुम्ही त्यातून सुटता.

काही गोष्टी कमी होतील, त्या आधीच माहीत असू द्या. काउन्सिल टॅक्समधली सूट घटेल. काउन्सिलला वेगळं कळवा, युनिव्हर्सल क्रेडिटला सांगितलं म्हणजे त्यांना कळलं असं धरू नका. घरात एकच प्रौढ असल्याची २५ टक्के सवलत मात्र कमाईशी संबंधित नाही, ती राहते. मुलीला शाळेत मोफत जेवण मिळत असेल तर त्याची कमाईची मर्यादा वर्षाला ७४०० पौंड आहे. आधीपासून मिळणाऱ्यांना संरक्षण आहे, शाळेच्या ऑफिसात विचारा. सप्टेंबर २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या सगळ्या घरांतल्या मुलांना ते देणार असल्याचं इंग्लंडमध्ये जाहीर झालंय.

आणि औषधं. युनिव्हर्सल क्रेडिट आहे म्हणजे औषधं फुकट, असं सगळे समजतात. मुलं असलेल्यांसाठी ती सवलत त्या महिन्याची कमाई ९३५ पौंडांपर्यंतच आहे. १०५५ पगार आला की तुमच्या प्रिस्क्रिप्शनला प्रत्येकी ९.९० पौंड पडतील. मुलांना फुकटच. फार्मसीत सवयीने जुन्याच चौकटीत खूण केलीत तर औषधाच्या किमतीवर १०० पौंडांपर्यंत दंडाचं पत्र येतं. नियमित औषध चालू असेल तर वर्षाचं ११४.५० पौंडांचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट घ्या. महिन्याला एक औषध असेल तर त्यात चारच पौंड वाचतात, दोन असली तर निम्म्याहून जास्त.

दुकानाचं काम जमलं नाही तर? भत्त्यासाठी नव्याने अर्ज करायचा नाही. दावा चालूच असतो, कमाई कमी झाली की भत्ता आपोआप वाढतो. पण रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. सबळ कारणाशिवाय नोकरी सोडली तर पहिल्या वेळी ९१ दिवसांपर्यंत भत्ता कापू शकतात. शिफ्ट नर्सरीच्या वेळेशी जुळत नसेल तर ते आधी मॅनेजरला लेखी, मग जर्नलमध्ये, आणि त्यानंतरच सोडायचा विचार. रुजू होण्याआधीच शिफ्टच्या वेळा कागदावर मागून घ्या. नर्सरी सहाला बंद होते आणि शिफ्ट साडेसहाला संपते, हे पहिल्या सोमवारी कळून उपयोग नाही. तुमचे अकाउंट्सचे दिवसही वाया गेलेले नाहीत. दुकानात सहा महिने झाले की इथला संदर्भ देणारा माणूस तयार होतो, नेमकं तेच आज तुमच्या अर्जात नाही. तेव्हा कॅश ऑफिसची जागा मागा.

आमचा हिशेब स्वतः ताडून बघा. टर्न-टू-अस किंवा एन्टायटल्ड-टू यांच्या मोफत कॅल्क्युलेटरमध्ये तुमचे आकडे टाका, किंवा स्टेटमेंट घेऊन सिटिझन्स अॅडव्हाइसकडे जा. एकट्या पालकांसाठी जिंजरब्रेड ही संस्थाही सल्ला देते.

ज्या वाचकांच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) असं लिहिलंय, त्यांनी वरचं काही स्वतःला लावून घेऊ नये. त्यांना युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज करणंच अडचणीचं ठरू शकतं. त्यांनी आधी इमिग्रेशनचा अधिकृत सल्ला घ्यावा.

राहिला पुण्याचा फ्लॅट. सांगावा लागेल. १६,००० पौंडांच्या वर भांडवल असलं की युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही, ६००० ते १६,००० मध्ये दर २५० पौंडांमागे महिन्याला ४.३५ कापतात, आणि भारतातली मालमत्ता, मुदत ठेव, आईच्या खात्यावर असलेलं तुमचं नाव, सगळं यात विचारतात. अंगावरचे दागिने वैयक्तिक वस्तूंत येतात, त्यांचं काही नाही. पण घाबरण्याआधी एक प्रश्न: त्या फ्लॅटमध्ये राहतं कोण? तुमची आई तिथेच राहत असेल आणि तिचं वय इथल्या पेन्शनच्या वयाइतकं, म्हणजे ६६ च्या पुढे असेल, तर जवळच्या नातेवाइकाचं राहतं घर म्हणून तुमचा हिस्सा भांडवलात धरत नाहीत. फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा जर्नलमध्ये लिहिण्याआधी सिटिझन्स अॅडव्हाइसच्या माणसाबरोबर बसा. दोन्ही वेळी नोकरीची बातमी कळवण्याच्या आठवड्यातच हे सांगून टाका. कागद लागतील ते असे: मालमत्तेचा दस्त, त्यावरची नावं, आणि आईच्या वयाचा व पत्त्याचा पुरावा. आधार कार्डाची प्रत आणि सोसायटीचं पत्र आईकडून आजच मागवून ठेवा.